गोमतीकाठचे थंड घर

लखनौ शहरात ज्येष्ठ महिना लागला की दुपारी रस्ते ओस पडतात. पश्चिमेकडून येणारा कोरडा, तापलेला वारा दारेखिडक्यांच्या फटींतून घरात शिरतो. या वाऱ्याला तिकडे 'लू' म्हणतात. पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला तरी कोणाला नवल वाटत नाही. आज तेथील पुष्कळ घरांत वातानुकूलन यंत्रे आहेत आणि यंत्र चालू असूनही खोली गार होत नाही, ही ऐन उन्हाळ्यातील नेहमीची तक्रार आहे. वीज आणि यंत्रे यांचा मागमूसही नव्हता, त्या काळात याच शहरात एका परदेशी माणसाने उन्हाळ्याशी आपल्या परीने झुंज दिली. त्या माणसाचे नाव क्लॉड मार्टिन.

मार्टिनचा जन्म ५ जानेवारी १७३५ रोजी फ्रान्समधील लियाँ या शहरात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. वडील शवपेट्या तयार करण्याचा व्यवसाय करीत. कोवळ्या वयातच घर सोडून तो फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि दक्षिण भारतात उतरला. त्या काळी भारतात फ्रेंच आणि इंग्रज यांच्यात सत्तेची स्पर्धा चालू होती. १७६१ मध्ये पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती गेली. त्याच धामधुमीच्या सुमारास मार्टिनने पक्ष बदलला व तो इंग्रज कंपनीच्या चाकरीत शिरला. पुढे बंगालच्या भूमापनाच्या कामावर त्याची नेमणूक झाली. नद्यांची वळणे, जमिनीचे चढउतार, वाऱ्यापावसाचे वेळापत्रक यांकडे बारकाईने पाहण्याची सवय त्याला या कामातूनच लागली असावी. पुढील आयुष्यात ती त्याच्या फार उपयोगी पडली.

१७७५ मध्ये अवधचा नवाब असफउद्दौला याने आपली राजधानी फैजाबादहून लखनौला आणली. पुढच्याच वर्षी मार्टिन तेथील शस्त्रागाराचा प्रमुख झाला. पगार कंपनीचा आणि वावर नवाबाच्या दरबारात, अशा दुहेरी भूमिकेत त्याने अमाप पैसा मिळवला. युरोपातून येणाऱ्या घड्याळे, आरसे, चित्रे अशा वस्तू तो विकत असे, निळीचा व्यापार करीत असे आणि खुद्द नवाबाला व्याजाने कर्ज देत असे. हा पैसा अखेर अवधच्या रयतेच्या घामातूनच येत होता, हे विसरून त्याचे चरित्र वाचता येणार नाही.

मात्र हा मनुष्य केवळ धनलोभी नव्हता. बिघडलेली वस्तू समोर आली की तिच्या मुळाशी गेल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. स्वतःच्या शरीराच्या बाबतीतही त्याने हेच केले. १७८२ च्या सुमारास मूत्राशयातील खड्यामुळे त्याला असह्य वेदना होऊ लागल्या. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात शस्त्रक्रिया म्हणजे जिवावरचा खेळ होता. मार्टिनने सुईसारखी बारीक कानस तयार केली आणि ती मूत्रमार्गातून आत घालून कित्येक महिने तो खडा दररोज थोडा थोडा घासून काढला. खडा गेला आणि तो बचावला. हा प्रकार वाचतानाही अंगावर काटा येतो. त्याचे अनुकरण कोणी करू नये हे सांगायला नकोच. १७८३ मध्ये फ्रान्समध्ये उष्ण हवेचे फुगे आकाशात गेले. त्यानंतर दोनच वर्षांत मार्टिनने लखनौच्या आकाशातही तसा फुगा सोडून दाखवला. तापलेली हवा हलकी होते आणि वर चढते, हे नवाबाच्या दरबाराने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

त्याआधीच, १७८१ च्या सुमारास, मार्टिनने गोमतीच्या अगदी काठावर आपले राहते घर बांधले होते. पुढे ते 'फरहत बख्श' या नावाने प्रसिद्ध झाले. आनंद देणारे, असा या नावाचा अर्थ. या घराची रचना फार विचारपूर्वक केलेली होती. त्याचे खालचे दोन मजले नदीच्या पातळीजवळ, जमिनीच्या पोटात होते आणि भिंतींना नदीचे पाणी लागत असे. उन्हाळ्यात गोमती आटू लागली की मार्टिन तळातल्या दालनांत राहायला जाई. बाहेर लू वाहत असताना जमिनीच्या पोटातील आणि पाण्याजवळील ती दालने बरीच गार असत. पावसाळा सुरू होऊन नदी चढू लागली की तो एकेक मजला सोडून वर सरके. पूर ऐन भरात असताना त्याचा मुक्काम वरच्या मजल्यावर असे आणि खालच्या खोल्यांत नदी नांदत असे! पूर ओसरल्यावर गाळ उपसून, भिंतींची डागडुजी करून ती दालने पुढच्या उन्हाळ्यासाठी सज्ज केली जात. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या जाड भिंती, तळघरे आणि चौक यांमागेही उन्हाळ्याचाच विचार असे. पण ऋतूप्रमाणे घरातल्या घरात वरखाली स्थलांतर करणारा घरमालक विरळाच.

त्या काळी श्रीमंतांच्या घरी दारांना वाळ्याच्या ताट्या लावीत व नोकर त्यांवर दिवसभर पाणी शिंपडीत. पाण्याची वाफ होताना ते हवेतील उष्णता घेते, म्हणून ताटीतून येणारा वारा गार लागतो. परंतु हवा कोंडलेली असेल, तर ताटी कितीही ओली केली तरी उपयोग होत नाही. खोलीत दमट उकाडा तेवढा वाढतो. हवेला आत येण्यास जशी वाट हवी, तशी बाहेर जाण्यासही हवी.

ही गोष्ट मार्टिनने आपल्या दुसऱ्या, अधिक भव्य वास्तूत लक्षात ठेवली. १७९५ च्या सुमारास लखनौच्या वेशीबाहेर त्याने 'कॉन्स्टॅन्शिया' नावाचा प्रासाद बांधायला घेतला. त्याच्या जाडजूड भिंतींमधून वरपर्यंत जाणारे हवेचे उभे नळ ठेवलेले आहेत. खोलीतील तापलेली हवा छताशी जमते, नळातून वर निघून जाते आणि तिची जागा घेण्यासाठी खालून दुसरी हवा येते. फुग्याला आकाशात नेणारा नियम येथे घराच्या कामी आला. अशा नळांचा खरा उपयोग सूर्य कलल्यावर होतो. भर दुपारी बाहेरची हवाच आतल्या हवेपेक्षा तापलेली असेल, तर ते फारसे काही करू शकत नाहीत.

ही मर्यादा ओलांडण्यासाठी यंत्राची गरज होती. मार्टिनच्या मृत्यूनंतर १०२ वर्षांनी, १९०२ मध्ये, अमेरिकेतील विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी आधुनिक वातानुकूलनाची पहिली योजना आखली. दमट हवेमुळे तेथील कागद फुगत आणि रंगांचे ठसे जुळत नसत. आजचे घरगुती यंत्रही थंडी 'निर्माण' करीत नाही. ते खोलीतील उष्णता उचलते आणि बाहेर नेऊन टाकते. खोलीतील भागात थंड नळ्यांवरून हवा फिरते, नळ्यांतील द्रव त्या हवेतील उष्णता घेऊन वायू बनतो, आणि बाहेरच्या भागात तो वायू दाबला जाऊन ती उष्णता मोकळ्या हवेत सोडतो. म्हणून यंत्र गार करीत नसेल, तर उष्णतेची वाट कोठे अडली आहे, हे आधी पाहावे. लखनौसारख्या धुळीच्या शहरात आतील जाळी काही आठवड्यांतच धुळीने बुजते. मग नळ्यांवरून पुरेशी हवा जात नाही आणि त्यांवर चक्क बर्फ साचतो. बर्फ साचलेला असूनही खोली तापलेलीच राहते, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. वीज बंद करून जाळी धुतली व पूर्ण वाळवून बसवली, तर पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. बाहेरचा भाग अडगळीने वेढलेला असेल किंवा त्याच्या पत्र्यांत धूळ बसली असेल, तर उष्णता बाहेर पडत नाही. दाराखालची फट आणि पश्चिमेच्या खिडकीवरील ऊन यांकडेही पाहिले पाहिजे. हे सर्व ठीक असूनही खोली गार होत नसेल, तर नळीतून वायू गळत असण्याची शक्यता असते. हा वायू वापराने संपत नाही. म्हणून गळती शोधून बंद न करता दरवर्षी नुसता वायू भरून घेणे म्हणजे भोक असलेल्या घागरीत पाणी ओतणे होय. हे काम आणि विजेच्या भागांची तपासणी मात्र जाणकार कारागिरावरच सोपवावी.

कॉन्स्टॅन्शियात राहण्याचे सुख मार्टिनच्या नशिबी नव्हते. १३ सप्टेंबर १८०० रोजी लखनौ येथे त्याचे निधन झाले, तेव्हा प्रासादाचे बांधकाम अपुरे होते. अखेरच्या काळात मूत्राशयाचा जुना विकार पुन्हा उलटला होता आणि या वेळी त्याची कानस कामी आली नाही. फरहत बख्श पुढे नवाब सआदत अली खान याने घेतले आणि ते छत्तर मंझिलच्या राजवाड्यांत सामील झाले. आपल्या संपत्तीचा मोठा भाग मार्टिनने लखनौ, कोलकाता आणि लियाँ येथे मुलांच्या शिक्षणासाठी ठेवला होता. मृत्युपत्रावरून वर्षानुवर्षे वाद चालले. त्यामुळे कॉन्स्टॅन्शियात शाळा सुरू व्हायला १८४५ साल उजाडले. 'ला मार्टिनियर' या नावाची ती शाळा आजही तेथेच भरते.

आपले दफन या वास्तूतच व्हावे, असे मार्टिनने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. कबर असलेल्या घरावर नवाब हक्क सांगणार नाही, असा त्यामागे हिशेब होता, असे म्हणतात. त्यानुसार वर्गखोल्यांच्या खाली, तळघराच्या थंडाव्यात त्याची कबर आहे.