वार्धक्याचे कोडे

केस पिकतात, दृष्टी मंदावते, हातापायांतील बळ ओसरते. म्हातारपण असेच यायचे, असे समजून मनुष्य ते निमूटपणे सोसत आला. परंतु म्हातारपण का येते, ह्याचाही शास्त्राने शोध घेतला पाहिजे, असे एका संशोधकाला वाटले. त्याचे नाव इल्या मेचनिकॉफ.

मेचनिकॉफचा जन्म १८४५ साली खार्कोव्ह शहराजवळ झाला. हा प्रदेश तेव्हा रशियन साम्राज्यात होता. आता तो युक्रेनमध्ये आहे. लहानपणापासून त्याला किड्यांचा व वनस्पतींचा मोठा नाद. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यास त्याने दोनच वर्षांत पुरा केला. पुढे ओडेसा येथे तो प्राध्यापक झाला. परंतु त्याची पत्नी लुडमिला क्षयाने आजारी होती. त्याने तिची मनोभावे शुश्रूषा केली. तरी १८७३ साली ती मरण पावली. त्या दुःखाने तो पार खचला. अखेर अभ्यासानेच त्याला सावरले.

१८८२ साली तो सिसिली बेटावरील मेसिना येथे राहत होता. एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहावयास गेली असता तो एकटाच सूक्ष्मदर्शकाशी बसला होता. तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काही पेशी इकडून तिकडे फिरताना त्याला दिसल्या. शरीरात शिरलेल्या शत्रूवर ह्या पेशी तुटून पडत असतील काय? त्याने बागेतून काटे आणले आणि ते डिंभांना टोचले. रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी पाहतो तो काय, काट्यांभोवती पेशींनी गराडा घातला होता! आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशीही अशाच रोगजंतूंना गिळतात, हे त्याने पुढे दाखविले. अनेक विद्वानांनी त्याला विरोध केला, पण तो डगमगला नाही. १८८८ साली पाश्चरने त्याला पॅरिसच्या आपल्या संस्थेत जागा दिली. १९०८ साली पॉल एर्लिक ह्याच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

ओडेसा येथे त्याच्या हाताखाली शिकलेला हाफकिन पुढे मुंबईत आला आणि १८९७ साली त्याने प्लेगची लस तयार केली. परळची हाफकिन संस्था त्याचेच नाव चालविते.

उतारवयात मेचनिकॉफने वार्धक्याचा विचार आरंभिला. मोठ्या आतड्यातील कुजविणारे जंतू विष निर्माण करतात आणि त्यामुळे शरीर लवकर जीर्ण होते, असे त्याचे मत होते. बल्गेरियातील आंबट दूध पिणारे शेतकरी दीर्घायुषी असतात, असे त्याच्या कानी आले होते. विरजणातील जंतू कुजविणाऱ्या जंतूंना आवरतील, ह्या आशेने तो स्वतः रोज विरजलेले दूध घेऊ लागला. पुष्कळ लोकांनी त्याचे अनुकरण केले.

१९१६ साली एकाहत्तराव्या वर्षी हृदयविकाराने त्याचा अंत झाला. मृत्यूनंतर आपल्या देहाची तपासणी करावी, असे त्याने सहकाऱ्यांना आधीच सांगून ठेवले होते. आपला तर्क खरा की खोटा, ह्याची परीक्षा आपल्याच देहावर व्हावी, ही त्याची इच्छा!

वार्धक्याला एकच एक कारण नाही, हे पुढील संशोधनाने दाखवून दिले. विरजलेल्या दुधाने म्हातारपण थांबत नाही. तथापि आतड्यातील जंतूंचा आरोग्याशी निकट संबंध आहे, ही त्याची कल्पना फोल ठरली नाही. आजही शास्त्रज्ञ तिचा कसून अभ्यास करीत आहेत. त्याचे उत्तर अपुरे होते. परंतु जे सारे जग निमूटपणे सोसत होते, त्याचे कारण विचारण्याचे धैर्य त्याने दाखविले.