कच्चे मडके आणि महाद्वाराची पायरी

आज आषाढी एकादशी. चंद्रभागेचे स्नान करून, नगरप्रदक्षिणा आटोपून वारकरी महाद्वाराशी येतो, तेव्हा पहिल्या पायरीपाशी त्याचे पाऊल आपोआप थबकते. त्या पायरीवर तो पाय ठेवीत नाही, मस्तक ठेवतो. ती नामदेवरायांची पायरी. ज्याला एके काळी भर संतसभेत कच्चे मडके म्हटले गेले, त्याच्याच पायरीवर आज लक्षावधी मस्तके नमतात. हे कसे घडले, याचे चिंतन आजच्या पर्वकाळी करणे उचित होईल.

शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७० मधील कार्तिक शुद्ध एकादशीस दामाशेटी आणि गोणाई या शिंपी दांपत्याच्या पोटी नामदेवांचा जन्म झाला. घरात विठ्ठलभक्ती पिढीजात. बाळपणी पित्याच्या अनुपस्थितीत नैवेद्याचे ताट घेऊन ते राउळात गेले आणि देव जेवत नाही म्हणून हट्ट धरून बसले. अखेर देवाला जेवावे लागले, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. पुढे राजाईशी विवाह झाला, मुले झाली. परंतु चित्त प्रपंचात रमेना. माता आणि पत्नी, दोघींनाही याचे दुःख होते. नामदेवांना मात्र विठ्ठलावाचून अन्य काही दिसत नव्हते, आणि आपण देवाचे लाडके आहोत ही जाणीवही मनात खोल रुजत होती.

अशा स्थितीत ज्ञानदेवादी भावंडांचा सहवास घडला. एकदा संत एकत्र जमले असता मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना, यांतील मडकी कोणती पक्की व कोणती कच्ची ते पाहण्यास सांगितले. तेरचे गोरोबा जातीचे कुंभार. त्यांनी हातात थापटणे घेतले आणि एकेकाच्या मस्तकावर थापटीत चालले. सारे संत निश्चल बसून राहिले. नामदेवांची पाळी येताच मात्र ते संतापले. हा आपला अपमान आहे असे त्यांना वाटले. गोरोबांनी निर्णय दिला की हे मडके कच्चे आहे. महिपतींनी भक्तविजयात हा प्रसंग विस्ताराने वर्णिला आहे.

नामदेव रडत पंढरीस धावले आणि विठ्ठलाजवळ गाऱ्हाणे मांडले. या कथेचे मर्म येथेच आहे. ज्या देवाने त्यांच्या हातचा नैवेद्य खाल्ला, त्या देवाने भक्ताचे मन राखण्यासाठी संतांचा निर्णय फिरवला नाही. तू कच्चाच आहेस, गुरूला शरण जा, असेच त्याने सुचविले आणि विसोबा खेचरांचे नाव सांगितले. विचार करावा, ती भक्ती खोटी होती काय? मुळीच नाही. कच्चे मडके म्हणजे फुटके मडके नव्हे. त्याची माती तीच असते, आकारही तोच असतो. आव्यात भाजणे तेवढे राहिलेले असते. आपल्यातील उणीव म्हणजे आपले अवघे जीवन व्यर्थ, असे समजून पुष्कळजण निराश होतात. काही उणीव ऐकताच सांगणाऱ्यावर कोपतात. नामदेव प्रथम कोपले, मग रडले, आणि मग औंढ्या नागनाथाच्या वाटेला लागले. तिसरे पाऊल उचलतो तोच साधक.

औंढ्यास विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले दिसले. नामदेवांनी पाय काढण्यास विनविले. जेथे देव नसेल तेथे माझे पाय तूच उचलून ठेव, असे त्यांनी सांगितले. नामदेवांनी पाय जेथे जेथे ठेवले, तेथे तेथे लिंग प्रकटले. एका मूर्तीत कोंडलेला देव चराचरात भरलेला दिसला आणि मडके पक्के झाले.

ते खरोखर पक्के झाले, याची साक्ष पुढील आयुष्य देते. इसवी सन १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. त्यानंतर पंढरी सोडून क्षणभरही न राहणारे नामदेव भागवतधर्माची पताका घेऊन उत्तरेस गेले. पंजाबातील घुमान येथे त्यांचे स्थान आजही पूजिले जाते, आणि गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. इसवी सन १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकूस कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी आणून नामदेवांनी महाद्वारासमोर समाधी बांधविली, असे परंपरा सांगते. ज्यांना जिवंतपणी राउळात प्रवेश नव्हता, त्यांच्या अस्थींतही विठ्ठल आहे, हे ओळखण्यास पक्के मडकेच हवे.

प्रस्तुत लेखक चार तपांहून अधिक काळ नामदेवांनी घालून दिलेल्या कीर्तनपरंपरेची सेवा करीत आहे. तरुणपणी कीर्तनानंतर एका वृद्ध वारकऱ्याने संस्कृत श्लोकातील माझी चूक हलकेच दाखविली. चूक खरी होती. परंतु पांडित्याच्या अभिमानाने मी त्यांना कठोर शब्द बोललो. ते नमस्कार करून निघून गेले, पुन्हा भेटले नाहीत. त्यानंतर हे आख्यान लावताना थापटणे प्रथम माझ्याच मस्तकावर पडते. साठी उलटली तरी नाद पुरता पक्का येत नाही. परंतु आता त्याचे भय वाटत नाही.

इसवी सन १३५० मध्ये आषाढ वद्य त्रयोदशीस नामदेवांनी महाद्वारी देह ठेवला. त्यांनी गाभाऱ्याजवळची जागा मागितली नाही. संतांची चरणधूळ लागावी म्हणून पायरी मागितली. पूर्णत्व लाभल्यावरही ज्याला सर्वांच्या पायांखालीच राहावेसे वाटले, त्याच्या पायरीवर आज मस्तक टेकताना प्रत्येकाने आपले मडके एकदा थापटून पाहावे. कच्चा नाद आला तर खिन्न होऊ नये. विठ्ठलाचा आवा अद्याप विझलेला नाही.