ग्रेस डार्लिंग

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यासमोर फार्न नावाचा बेटांचा समूह आहे. ही बेटे म्हणजे समुद्रातून डोके वर काढलेले काळे, ओबडधोबड खडकच होत. त्यांपैकी लाँगस्टोन या बेटावर १८२६ साली एक दीपगृह उभारण्यात आले. विल्यम डार्लिंग हे त्याचे रखवालदार होते. त्यांची कन्या ग्रेस हिचा जन्म २४ नोव्हेंबर १८१५ रोजी किनाऱ्यावरील बँबरा या गावी झाला होता. बेटावर शाळा कोठून असणार? वडिलांनीच तिला लिहावयास व वाचावयास शिकविले. रात्री दिव्याची राखण करावी, दिवसा आईला घरकामात साहाय्य करावे आणि समुद्र शांत असला म्हणजे होडी वल्हवावी, असा तिचा जीवनक्रम होता.

५ सप्टेंबर १८३८ रोजी फोरफरशायर नावाची आगबोट हल बंदरातून स्कॉटलंडमधील डंडीकडे निघाली. तिच्यावर सुमारे ६० माणसे होती. वाटेत बॉयलर गळू लागले आणि अखेर यंत्रे बंद पडली. त्यातच वादळ उठले. कप्तानाने शिडे उभारली व बेटांच्या आडोशाला जाण्याचा प्रयत्न केला. परंतु ७ सप्टेंबरच्या पहाटे ती पंगू आगबोट एका खडकावर आदळली आणि दुभंगली. तिचा मागील भाग बघता बघता लाटांनी गिळला.

पहाटेच्या अंधुक प्रकाशात ग्रेसला खिडकीतून ते भग्न जहाज दिसले. तिने तत्काळ वडिलांना उठविले. पुढे उजेड वाढला, तेव्हा खडकावर काही माणसे हालचाल करीत असल्याचे दुर्बिणीतून दिसले. त्या दिवशी ग्रेसचा भाऊ किनाऱ्यावर गेलेला होता. दीपगृहात आई, वडील व ग्रेस अशी तिघेच होती. अशा तुफानात किनाऱ्यावरून जीवरक्षक नौका येईल, असे वडिलांना वाटेना. एकट्याने होडी नेणे अशक्य होते. आणि दोघे गेले तरी परतताना भरतीचा ओघ उलटा लागणार होता. खडकावरील माणसांपैकी कोणी वल्ही धरण्याइतके धडधाकट नसेल, तर परत येणेच कठीण होते. हा धोका ओळखूनही ग्रेसने वडिलांबरोबर वल्हे हाती घेतले. आईने होडी पाण्यात लोटण्यास हातभार लावला.

सरळ मार्गाने जाणे म्हणजे मृत्यूच्या मुखात जाणे होते. म्हणून बेटांच्या आडोशाने, सुमारे मैलभराचा वळसा घेऊन ती दोघे तेथे पोहोचली. खडकावर ९ माणसे होती. त्यांत एक माता होती. तिची दोन्ही मुले थंडीवाऱ्याने तिच्याजवळच मरण पावली होती. वडिलांनी खडकावर उडी घेतली. आता होडीत ग्रेस एकटी उरली. होडी खडकावर आपटली असती, तर सर्वांचाच आधार नाहीसा झाला असता. ग्रेस दोन्ही वल्ही हाती धरून लाटांशी झुंजत राहिली आणि तिने होडी सुरक्षित ठेवली. ती माता, एक जखमी मनुष्य व आणखी तिघे अशा पाच जणांना पहिल्या खेपेस आणण्यात आले. वाचलेल्या खलाशांनी वल्ही मारली. मग त्यांच्यापैकी दोघांना घेऊन वडील उरलेल्या चौघांना आणण्यास गेले. ग्रेस व आई गारठलेल्यांची शुश्रूषा करू लागल्या.

ही वार्ता देशभर पसरली. पितापुत्रींना रौप्यपदके मिळाली. व्हिक्टोरिया राणीने ग्रेसला ५० पौंड पाठविले. चित्रकार तिचे चित्र काढण्यास बेटावर येऊ लागले. कोणी पत्राने तिच्या केसांची बट मागू लागले. एवढी कीर्ती लाभली, तरी ग्रेस दीपगृह सोडून गेली नाही. आपले नित्याचे काम ती पूर्वीप्रमाणेच करीत राहिली. परंतु लवकरच क्षयरोगाने तिला गाठले आणि २० ऑक्टोबर १८४२ रोजी, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, तिचे निधन झाले.

तिची ती होडी बँबरा येथील संग्रहालयात जतन करून ठेवली आहे. गावातील चर्चच्या आवारात तिचे स्मारक आहे. समुद्रावरून जाणाऱ्या खलाशांनाही ते दिसावे, अशा बेताने त्याची जागा निवडलेली आहे.