गुलमर्गचा प्लॅन आणि वॉकरसाहेबांचे आकडे

दिवाळीची सुट्टी संपली की कॉलेजच्या ग्रुपवर एक प्लॅन हमखास पडतो, यंदा स्कीइंगला जाऊया! तुम्ही ओवे गावात राहा नाहीतर खारघरच्या एखाद्या सेक्टरमध्ये, बर्फ म्हणजे आपल्यासाठी फ्रीजरच्या कप्प्यातला नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवरचा. त्यामुळे उत्साह भरपूर आणि माहिती जेमतेम. कुणी गुलमर्गच्या चौदा दिवसांच्या कोर्सची फी शोधून काढतं, कुणी गोंडोलाच्या तिकिटांचे स्क्रीनशॉट टाकतं, औली स्वस्त पडेल असं म्हणणारा एक जण तर प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. हे सगळं झाल्यावर मुद्द्याचा प्रश्न येतो. पैसे भरून, रजा काढून आपण तिथे पोचू तेव्हा बर्फ असेल ना?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. जानेवारी २०२४ मध्ये ऐन चिल्लई कलानमध्ये, म्हणजे काश्मिरी हिवाळ्याच्या सगळ्यात कडक चाळीस दिवसांत, गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. गेलेले लोक पिवळ्या गवताचे फोटो टाकत होते. पुढच्याच वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत, बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या आणि त्या मार्चमध्ये झाल्या. जिथे सरकारी स्पर्धांना तारीख बदलावी लागते तिथे तुमचं नॉन-रिफंडेबल तिकीट काय चीज आहे!

म्हणून आपण अंदाज बघतो. हिवाळ्याच्या सीझनचा कुठलाही नीट अंदाज उघडा, त्यात दोन नावं येतातच. एक एल निनो आणि त्याच्या जोडीचं सदर्न ऑसिलेशन, दुसरं नॉर्थ अटलांटिक ऑसिलेशन. ही दोन्ही ऑसिलेशन्स आकड्यांतून बाहेर काढून त्यांना नाव देणारा माणूस एकच. तो सिमल्यात बसून काम करत होता आणि त्याला स्कीइंगच्या सीझनशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला शोधायचा होता आपला पाऊस. हा माणूस म्हणजे सर गिल्बर्ट वॉकर.

वॉकर जन्मले १४ जून १८६८ ला, इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात. शाळेत असताना त्यांना गोल फिरणाऱ्या वस्तूंचं वेड लागलं. गायरोस्कोप स्वतः बनवून बघायचा, भोवरा पडत का नाही याचं गणित मांडायचं, असले उद्योग. तिथून केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज आणि १८८९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत अख्ख्या विद्यापीठात पहिला नंबर. रँग्लर म्हटलं की आपल्याला परांजपे आठवतात. आपल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांनी तो मान १८९९ मध्ये मिळवला, म्हणजे वॉकरनंतर बरोब्बर दहा वर्षांनी.

पण पहिला नंबर काढल्यावर वॉकरची तब्येत पार ढासळली. आज आपण ज्याला बर्नआउट म्हणतो तसंच काहीसं म्हणा ना. पुढचे तीन हिवाळे त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये काढले आणि तिथे ते बर्फावरचं स्केटिंग शिकले, तेही चांगल्यापैकी. म्हणजे हिवाळ्यात बर्फाकडे जाणाऱ्या पर्यटकांमध्ये वॉकर स्वतःही होते, फक्त कारण वेगळं होतं. केंब्रिजला परतल्यावर कॉलेजमागच्या हिरवळीवर ते बूमरँग फेकत बसत. बूमरँग परत का येतं यावर त्यांनी १८९७ मध्ये रीतसर शोधनिबंधही लिहिला. मित्रांमध्ये नाव पडलं बूमरँग वॉकर. बासरी वाजवायचे ते वेगळंच. बासरीची रचना कशी सुधारता येईल यातही त्यांनी डोकं घातलं होतं.

आता असा माणूस हिंदुस्थानच्या हवामान खात्याचा प्रमुख कसा झाला? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

हवामान खातं सुरू झालं १८७५ मध्ये. लगेच, १८७६ ते ७८ या काळात, दख्खन आणि मद्रास इलाख्यात भयंकर दुष्काळ पडला. आपल्याकडे सोलापूर, नगर, विजापूर पट्ट्यातली गावं ओस पडली. पाऊस येणार की नाही हे आधी कळेल का, असं सरकारने खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांना विचारलं. ब्लॅनफोर्ड यांनी १८८४ मध्ये जे उत्तर दिलं ते आजही ऐकायला भारी वाटतं. त्यांचं म्हणणं, हिमालयाकडे बघा! हिवाळ्यात आणि वसंतात तिथे बर्फ जास्त पडला आणि उशिरापर्यंत टिकला, तर जमीन तापायला वेळ लागतो आणि पावसाळा कमजोर पडतो. १८८६ पासून याच आधारावर दरवर्षी पावसाचा अंदाज निघू लागला. गुलमर्गच्या डोंगरांवरचा बर्फ कोकण-देशावरच्या शेतकऱ्याच्या हिशेबात आला तो असा.

ब्लॅनफोर्डनंतर आले जॉन एलियट. त्यांचे अंदाज लांबलचक आणि आत्मविश्वासाने भरलेले असत. १८९९ मध्ये त्यांनी सरासरीपेक्षा चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि त्याच वर्षी पाऊस साफ गेला. तो छप्पन्नचा दुष्काळ. कोरड्या विहिरी, मेलेली गुरं आणि हातात सरकारचा चांगल्या पावसाचा कागद. खात्याची पत किती राहिली असेल, विचार करा. एलियट निवृत्त झाले आणि १९०४ मध्ये त्यांच्या जागी वॉकर आले. हवामानशास्त्राचा त्यांचा अभ्यास नव्हता, नोकरी मात्र हवामान खात्याच्या प्रमुखाची. (योगायोग बघा, आपल्या रायगड जिल्ह्यातली अलिबागची चुंबकीय वेधशाळा उभी राहिली तीही त्याच वर्षी. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्यामुळे कुलाब्याची उपकरणं बिघडली असती, म्हणून ती अलिबागला हलवली.)

वॉकरनी काय केलं? त्यांनी ठरवलं की आपल्याला हवेचं शास्त्र पुरतं कळेपर्यंत लोकांना थांबवता येणार नाही, आकडे आहेत तर आकड्यांनाच विचारू. जगभरच्या ठाण्यांवरून दाब, पाऊस, तापमान यांच्या नोंदी मागवल्या आणि प्रत्येक जोडी लावून बघायला सुरुवात केली. तुम्ही स्टॅट्सच्या लेक्चरला कोरिलेशन शिकला असाल. दोन गोष्टी एकत्र चढल्या-उतरल्या तर आकडा एककडे जातो, उलट चालल्या तर उणे एककडे, संबंधच नसेल तर शून्याच्या आसपास. आज एका क्लिकचं काम आहे हे. तेव्हा चाळीस-चाळीस वर्षांच्या दोन रांगा घेऊन हाताने गुणाकार, वर्गमूळ, बेरीज. हे काम सिमल्याच्या कचेरीतले हिंदी कारकून करत. अशा किती जोड्या त्यांनी तपासल्या असतील! वॉकरचं नाव आज हवामानशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात आहे, या कारकुनांची नावं मात्र कुणाच्या तोंडी नाहीत. मला हे खटकतं.

१९०९ पर्यंत वॉकरकडे पावसाळ्याच्या अंदाजाचं एक समीकरण तयार झालं. त्यात चार गोष्टी होत्या : मॉरिशसमधला हवेचा दाब, दक्षिण अमेरिकेतला दाब, झांझिबारचा पाऊस आणि चौथी ब्लॅनफोर्डची जुनी, हिमालयातला बर्फ. कुठे अर्जेंटिना, कुठे आफ्रिका आणि कुठे आपलं पनवेल! पण वॉकरचा मोठेपणा मला या समीकरणापेक्षा पुढच्या गोष्टीत दिसतो. १९१४ मध्ये त्यांनी स्वतःच्याच पद्धतीला एक इशारा लिहून ठेवला. शेकडो रांगा एकमेकींशी ताडून बघाल तर एखादी जोडी निव्वळ नशिबानेही जुळेल, तेव्हा सगळ्यात सुंदर आकडा दिसला की आधी त्याच्यावर संशय घ्या, असा त्या इशाऱ्याचा अर्थ. किती संशय घ्यायचा याचं गणितही त्यांनी दिलं. एलियटच्या फजितीनंतर हे फार गरजेचं होतं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरला जी यूल-वॉकर समीकरणं तुमची झोप उडवतात, त्यातले वॉकर हेच बरं का.

सिमल्यातही स्वारी फक्त फायलींत नव्हती. बूमरँग सोबत आलंच होतं. पंख न हलवता तासन्‌तास तरंगणाऱ्या पक्ष्यांकडे बघत ते हवेच्या प्रवाहांचा विचार करत. १९१३ मध्ये ते मद्रासला गेले असताना पोर्ट ट्रस्टमधल्या एका कारकुनाच्या वह्या त्यांना दाखवण्यात आल्या. तो कारकून होता श्रीनिवास रामानुजन. हे आपल्या विषयाच्या पलीकडचं गणित आहे हे वॉकरना कळलं, पण माणूस कोणत्या तोडीचा आहे हेही कळलं आणि त्यांनी लगेच मद्रास विद्यापीठाला शिफारसपत्र लिहिलं. रामानुजनना महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कारकुनी सुटली आणि पुढचं तुम्ही सिनेमात पाहिलंय.

मग १९२३-२४ च्या सुमारास त्या आकड्यांच्या ढिगातून एक चित्र वर आलं. पॅसिफिक महासागराच्या बाजूला हवेचा दाब चढला की हिंदी महासागराच्या बाजूला उतरतो, आणि उलट. बागेतल्या सी-सॉसारखं. याला त्यांनी सदर्न ऑसिलेशन म्हटलं. तसाच एक सी-सॉ उत्तर अटलांटिकमध्ये आइसलँड आणि अझोर्स बेटांच्या मध्ये, तो नॉर्थ अटलांटिक. तिसरा उत्तर पॅसिफिकमध्ये. १९२४ मध्ये ते निवृत्त झाले, सर ही पदवी मिळाली आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

आता तुमच्या ट्रिपशी याचा संबंध काय ते सांगते. काश्मीरचा बर्फ पावसाळी वाऱ्यांनी येत नाही. तो आणतात पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानावरून सरकत येणारे हवेचे भोवरे. अटलांटिकचा सी-सॉ कोणत्या बाजूला कललाय यावर या भोवऱ्यांचा जोर काही अंशी ठरतो. पॅसिफिकचाही हात असतोच. एल निनोच्या वर्षी आपला पावसाळा बऱ्याचदा दगा देतो, पण हिवाळ्यात पश्चिम हिमालयात साधारणपणे बर्फ-पाऊस बरा होतो. म्हणजे पांडवकड्याचा धबधबा रोडावला त्या वर्षी गुलमर्गची चांदी, असं म्हणायला हरकत नाही.

साधारणपणे हा शब्द मात्र दोनदा वाचा. २०२३-२४ चा हिवाळा जोरदार एल निनोचा होता आणि तरीही जानेवारीत गुलमर्ग कोरडं होतं. बर्फ आला तो महिनाअखेरीला. वॉकरच्या आयुष्यातही हेच झालं. दक्षिण अमेरिका, झांझिबार, हिमालय, एकेक करून धागे पुढच्या वर्षांत सैल पडत गेले. हिमालयातल्या बर्फाचा संबंध तर समीकरणातून काढून टाकावा लागला. ज्या कामासाठी त्यांना आणलं होतं, म्हणजे दुष्काळ आधी ओळखणं, ते त्यांच्या हातून म्हणावं तसं झालं नाही. शिवाय हे सी-सॉ चालतात कशामुळे, याचं कारणही त्यांना देता आलं नाही, त्यामुळे बऱ्याच शास्त्रज्ञांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. ४ नोव्हेंबर १९५८ ला, वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते गेले. त्यांच्यावरच्या मृत्युलेखातही अंदाजाच्या अपुऱ्या राहिलेल्या आशेचा उल्लेख होता.

त्यानंतर अकरा वर्षांनी, १९६९ मध्ये, याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की पॅसिफिकच्या पाण्याचं गरम-थंड होणं आणि वॉकरचा सी-सॉ या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. विषुववृत्तावरच्या हवेच्या त्या प्रचंड चक्राला त्याने नाव दिलं वॉकर सर्क्युलेशन. हे बघायला वॉकर नव्हते.

त्यांचं सिमल्याचं ऑफिस १९२८ मध्ये पुण्याला शिवाजीनगरात आलं. म्हणून तिथल्या त्या जुन्या दगडी इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिसच म्हणतात. पुण्याला शिकणाऱ्यांनो, तुमची बस रोज त्याच्यासमोर थांबते.

तर प्लॅन. नोव्हेंबरमध्ये कुणी रीलमध्ये छातीठोकपणे सांगत असेल की यंदा गुलमर्गला दहा फूट बर्फ, तर त्याला एलियटसाहेबांच्या रांगेत बसवा. हवामान खातं डिसेंबरच्या सुरुवातीला हिवाळ्याचा आणि वर्षाअखेरीला जानेवारी ते मार्चचा उत्तर भारताचा अंदाज देतं. त्यात तुम्हाला टक्के दिसतील, तारखा दिसणार नाहीत. कोर्स शक्यतो फेब्रुवारीचा धरा, कारण तोवर डोंगरावर थर साचायला वेळ मिळालेला असतो. अमुक दिवशी बर्फ पडेल का हे पाच-सात दिवस आधीच बऱ्यापैकी कळतं, त्यामुळे परतीच्या तिकिटाला एक-दोन दिवसांची ढील ठेवा. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा रोज बघा आणि तो असेल तर आखलेल्या उतारांबाहेर पाऊल टाकू नका. गोंडोलाचं तिकीट ऑनलाइन आधीच काढावं लागतं, पण वारा वाढला की अफरवटकडे जाणारा वरचा टप्पा बंद होतो. तेव्हा तो टप्पा पहिल्याच दिवसाला लावा, शेवटच्या दिवसावर ठेवू नका.