पहिल्या यंत्राची निवड

कोयनेच्या काठी वसलेल्या पाटणसारख्या गावातही आज घरोघर छायाचित्रे घेण्याचे साधन आहे. खिशात मावणाऱ्या फोनने लहान मूलही हलती-बोलती चित्रे टिपते. काही कॅमेरे तर पाण्यात उतरून समुद्रतळाच्या माशांचीही चित्रे घेऊन येतात. साधने इतकी आहेत की, नव्याने शिकणाऱ्याने त्यांतले कोणते घ्यावे, हाच प्रश्न पडतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका मराठी माणसापुढे उभा राहिला होता. त्या वेळी मात्र चित्रपट कसा करावा, हे शिकविणारी शाळा या देशात नव्हती आणि लागणारी यंत्रेही सातासमुद्रापलीकडून आणावी लागत. त्या माणसाचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. सारा देश त्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखतो.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील संस्कृताचे मोठे विद्वान होते. धुंडिराजाचा ओढा मात्र लहानपणापासून चित्रे आणि नाटके यांकडे होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, मूर्तिकाम व छायाचित्रण यांचे शिक्षण घेतले. शिक्षण संपल्यावर त्यांनी अनेक उद्योग केले. छायाचित्रकार म्हणून काम केले, पुराणवस्तू खात्यात नोकरी केली, छापखाना काढला आणि रंगीत छपाईची विद्या शिकण्यासाठी जर्मनीचा प्रवासही केला. यांतून पैसा फारसा मिळाला नाही. पण भिंग, प्रकाश, रसायने आणि यंत्रे यांची ओळख पक्की झाली. हीच पुंजी त्यांना पुढे उपयोगी पडली.

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत गिरगावातील एका चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता. पण दादासाहेबांच्या मनःचक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले होते. आपल्या देशातील कथा आपल्याच माणसांनी पडद्यावर का आणू नयेत, या विचाराने त्यांची झोप उडाली. त्या वेळी त्यांचे वय चाळिशीला आले होते. हाती धंदा नव्हता आणि घरी पत्नी व मुले होती.

तरीही त्यांनी उतावळेपणा केला नाही. आधी यंत्राचा अभ्यास करावयाचा, मग यंत्र घ्यावयाचे, असे त्यांनी ठरविले. युरोपातून त्यांनी पुस्तके आणि यंत्रांच्या किमतींची सूचिपत्रे मागविली. एक लहानसा कॅमेरा व थोडी फिल्म मिळविली. रात्री मेणबत्तीचा प्रकाश भिंगातून भिंतीवर पाडून ते चित्रे पाहत बसत. रोज चार-पाच तास चित्रपट पाहावेत आणि उरलेल्या वेळात प्रयोग करावेत, असा क्रम त्यांनी कित्येक महिने चालविला. याचा व्हावयाचा तो परिणाम झाला. डोळ्यांवर अतिशय ताण पडून त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. ज्या माणसाला जगाला चित्रे दाखवावयाची होती, त्याच्याच डोळ्यांपुढे अंधार पसरला! सुदैवाने योग्य उपचार झाले आणि दृष्टी परत आली. दुसरा एखादा असता, तर त्याने तो नाद तेथेच सोडला असता. दादासाहेबांनी मात्र विलायतेला जाण्याची तयारी सुरू केली.

पैशासाठी त्यांनी आपली विमापत्रे गहाण टाकली आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. लंडनमध्ये त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. चित्रपटविषयक एका साप्ताहिकाचे ते वर्गणीदार होते. रस्त्याने जाताना त्या साप्ताहिकाची पाटी दिसताच ते सरळ आत गेले आणि संपादकांना भेटले. संपादकांनी प्रथम त्यांना परावृत्त करून पाहिले. इंग्लंडमधील कित्येक चित्रपटनिर्माते बुडाले आहेत, शिवाय हिंदुस्थानचे हवामानही या धंद्याला मानवणार नाही, असे त्यांचे मत होते. पण या पाहुण्याची तळमळ आणि तयारी पाहून त्यांनी सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी त्यांची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपल्या चित्रशाळेतील सारे विभाग त्यांना मोकळ्या मनाने दाखविले.

या जाणत्यांचा सल्ला घेऊन दादासाहेबांनी पन्नास पौंडांना विल्यम्सन बनावटीचा कॅमेरा विकत घेतला. तो हाताने फिरवावयाचा कॅमेरा होता. अशा कॅमेऱ्याचा दांडा फिरविला की आतील फिल्म टप्प्याटप्प्याने सरकते आणि सेकंदाला सुमारे सोळा चित्रे उमटतात. पण नुसता कॅमेरा घेऊन काम भागणार नव्हते. फिल्म पुढे सरकण्यासाठी तिच्या कडांना एकसारख्या अंतरावर छिद्रे असावी लागतात. म्हणून दादासाहेबांनी छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कोरी कोडॅक फिल्म यांचीही मागणी नोंदविली. एक वस्तू कमी पडली तरी बाकीच्या निरुपयोगी ठरतील, हे ते आधीच्या अभ्यासामुळे जाणून होते.

एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले आणि मे महिन्यात यंत्रे आली. चारच दिवसांत त्यांनी ती जुळविली आणि आसपासच्या मुलांची चित्रे घेऊन कॅमेऱ्याची परीक्षा केली. पण मोठ्या चित्रपटासाठी भांडवल हवे होते आणि सावकारांचा या नव्या विद्येवर विश्वास नव्हता. तेव्हा दादासाहेबांनी एक युक्ती योजिली. कुंडीत वाटाण्याचे बी पेरून तिच्यासमोर त्यांनी कॅमेरा ठेवला. सुमारे महिनाभर ते रोपाची थोडी थोडी चित्रे घेत राहिले. पडद्यावर मात्र मिनिटाभरातच बीला अंकुर फुटला, पाने उलगडली आणि वेल वर चढला! हे पाहून लोक थक्क झाले आणि भांडवल उभे राहिले. एका वाटाण्याने जे केले, ते हजार शब्दांना साधले नसते.

या कामात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा वाटा फार मोठा होता. त्यांनी आपले दागिने दिले. दिवसभर कामावरच्या पन्नासाहून अधिक माणसांचा स्वयंपाक करावा आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला छिद्रे पाडावीत, असे त्यांचे कष्ट होते. अखेर ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात राजा हरिश्चंद्र हा चित्रपट लोकांपुढे आला. तारामतीचे काम करण्यास स्त्री न मिळाल्यामुळे साळुंके नावाच्या पुरुषाने ती भूमिका केली होती.

पुढे दादासाहेबांनी नाशिकला बिऱ्हाड हलविले आणि एकामागून एक चित्रपट काढले. १९१९ सालच्या कालियामर्दन या चित्रपटात त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती. कृष्ण यमुनेच्या डोहात उडी घेतो आणि पाण्याखाली कालियाशी झुंजतो, हे दृश्य दाखवावयाचे होते. फ्रान्समध्ये लुई बुताँ या शास्त्रज्ञाने १८९३ साली पाणी न शिरणाऱ्या पेटीत कॅमेरा बसवून समुद्राच्या पोटातील छायाचित्रे घेतली होती. पण साध्या चित्रपट-कॅमेऱ्याला पाणी लागले, तर यंत्र आणि फिल्म दोन्ही वाया जात. दादासाहेबांनी पडद्यावरची ती झुंज आपल्या युक्तीने साधली. साधन अपुरे असले तरी ते पुरते ओळखणारा माणूस त्याच्याकडून असे काम करून घेतो.

१९३१ साली बोलपट आले आणि मूकपटांचे दिवस संपले. १९३७ साली कोल्हापूरला काढलेला गंगावतरण हा बोलपट दादासाहेबांचा अखेरचा चित्रपट ठरला. त्यांनी आयुष्यात पुष्कळ मिळविले; पण जे मिळविले ते पुन्हा चित्रपटातच घातले. त्यामुळे अखेरचे दिवस ओढाताणीत गेले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला. १९६९ पासून भारत सरकार चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नावाने देते.

मुलांनो, दादासाहेबांचा पन्नास पौंडांचा कॅमेरा पैसे मोजून कोणालाही घेता आला असता. परंतु तो घेण्यापूर्वी केलेला अभ्यास आणि घेतल्यानंतर वाटाण्याच्या रोपापुढे महिनाभर दाखविलेला धीर बाजारात विकत मिळत नाही. नव्या कामाला आरंभ करताना त्यांची ही वाट आठवावी.

स्वाध्याय

१. कॅमेरा घेण्यापूर्वी दादासाहेबांनी कोणकोणती तयारी केली?
२. कॅमेऱ्याबरोबर छिद्रे पाडण्याचे यंत्र घेणे का आवश्यक होते?
३. वाटाण्याच्या रोपाचा चित्रपट काढण्यामागे त्यांचा कोणता हेतू होता?
४. सरस्वतीबाईंनी केलेल्या साहाय्याचे वर्णन आपल्या शब्दांत करा.