पडूनही उभे राहिलेले महादजी शिंदे



ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे नाव दिल्लीपर्यंत गाजविणारे महादजी हे राणोजी शिंदे यांचे पुत्र. १७६१ साली पानिपतावर घराण्याचे कर्ते पुरुष पडले. महादजींच्या पायाला जबर जखम झाली व ते जन्मभर लंगडत चालले. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांचे प्राण वाचविले. महादजी त्याला विसरले नाहीत. पुढे तो त्यांचा सरदार झाला. जात वा धर्म न पाहता निष्ठा आणि गुण पाहणे, हा पहिला धडा.

१७८४ साली त्यांनी डी बॉयन या युरोपीय सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या करविल्या. आपल्याला न येणारी विद्या जाणकाराकडून घ्यावी, हा दुसरा.

तिसरा धडा महाग पडला. १७८७ साली लालसोटच्या लढाईत पगार थकलेल्या अनेक पलटणी शत्रूला जाऊन मिळाल्या. महादजींना माघार घ्यावी लागली. पण ते खचले नाहीत. पुढे डी बॉयनची फौज वाढविताना तिच्या खर्चासाठी दुआबातील मुलूखच नेमून दिला. १७९० साली याच फौजेने पाटण आणि मेडता येथे विजय मिळविले.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे त्यांचे निधन झाले.

आपल्यातील काही मुले उद्या दुकान किंवा कारखाना चालवतील. त्यांनी लालसोट लक्षात ठेवावे : तोटा सोसता येतो, परंतु कामगाराचा पगार थकविला तर ऐन वेळी सोबत कोणी उरत नाही.