ऑक्सफर्डच्या धर्मविद्यालयात विठ्ठल रामजी शिंदे

हिंगोली तालुक्यातील नर्सी हे गाव आमच्या पुष्कळ वाचकांच्या पायांखालचे आहे. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून तेथे यात्रा भरते. ह्याच नामदेवांचे व तुकारामांचे अभंग मुंबईचा प्रार्थना समाज इ. स. १८६७ पासून आपल्या उपासनेत गात आला. मूर्तिपूजा सोडून एका देवाची प्रार्थना करणारी ती मंडळी होती. मात्र तिने बाप्तिस्मा घेतला नाही. तिचा एक तरुण धर्मोपदेशकाचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडातील एका ख्रिस्ती धर्मविद्यालयात गेला. सेमिनरीत जाण्याचा विचार मनात असलेल्या तरुणांस व त्यांच्या वडील मंडळीस त्याचे चरित्र ठाऊक असावे, म्हणून ते येथे देत आहो.

विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी संस्थानात झाला. घराणे मराठ्याचे, वडील वारकरी, आणि घरी दारिद्र्य. पुढे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात ते शिकले तेही इतरांच्या साहाय्यावर. बडोद्याचे महाराज सयाजीराव यांनी त्यांस विद्यावेतन दिले. इ. स. १८९८ मध्ये ते बी. ए. झाले व कायद्याचा अभ्यास करू लागले. वकील होऊन चार पैसे मिळवावे आणि घर वर काढावे, हीच त्या काळी शिकलेल्या मुलाकडून अपेक्षा असे. परंतु ह्याच सुमारास ते प्रार्थना समाजाचे सभासद झाले आणि त्यांचे मन वकिलीवरून उडाले.

तेव्हा एक निराळेच दार उघडले. अमेरिकेतील युनिटेरियन मंडळीचे पाळक सन्डरलंड हे इ. स. १८९५-९६ साली हिंदुस्थानात येऊन गेले होते. ब्राह्म व प्रार्थना समाजांतील तरुणांस ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात शिकवून परत पाठवावे, अशी योजना त्यानंतर निघाली. परत आल्यावर आपल्या समाजाची सेवा करावयाची, ही त्यातील गोष्ट.  शिंदे यांनी हे मान्य केले आणि इ. स. १९०१ च्या अखेरीस ते ऑक्सफर्डास पोहोचले. घरच्या माणसांस ह्या निवडीने काय वाटले असेल ते गरिबीत मुलगा शिकविणाऱ्या आईबापांस सांगावयास नको.

आता हे विद्यालय कसले होते ते सांगितले पाहिजे. इंग्लंडात राजमान्य चर्चची मते न स्वीकारणाऱ्यांस पूर्वी ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे पदवी मिळत नसे. अशा लोकांनी इ. स. १७८६ मध्ये मँचेस्टर शहरी ही शाळा काढली. ती यॉर्क, पुन्हा मँचेस्टर, लंडन अशी हिंडत इ. स. १८८९ मध्ये ऑक्सफर्डास आली. शिकणाऱ्याकडून किंवा शिकविणाऱ्याकडून कोणत्याही मताची कबुली आधी घ्यावयाची नाही, हा तिचा नियम होता. म्हणूनच बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसासही तेथे बाकावर जागा मिळाली. शिंदे तेथे असतानाच गर्ट्रूड फॉन पेट्झोल्ड नावाची एक बाई धर्मोपदेशकाचे शिक्षण घेत होती; ती इ. स. १९०४ साली लेस्टर येथे एका मंडळीची पाळक झाली. स्त्रीने व्यासपीठावर उभे राहावे की नाही, हा वाद आमच्या काही मंडळ्यांत अद्यापि मिटलेला नाही.

युनिटेरियन मंडळी त्रैक्य मानीत नाही, आणि आमचा प्रभु देव आहे हेही ती कबूल करीत नाही. ह्या बाबतीत आमचे तिच्याशी जुळत नाही, हे आडपडदा न ठेवता सांगतो. पण तेथील गुरू उथळ होते असे कोणी समजू नये. प्राचार्य जेम्स ड्रमंड यांनी इ. स. १९०३ मध्ये चौथ्या शुभवर्तमानावर मोठा ग्रंथ लिहिला आणि ते योहान प्रेषिताचेच आहे ह्या बाजूने आपले वजन टाकले. त्या काळचे कित्येक विद्वान उलट बोलत होते. आणि आपल्या पंथाला सोयीचे काय हे न पाहता ह्या म्हाताऱ्याने पुरावा पाहिला. दुसरे गुरू एस्टलिन कार्पेंटर. ते निरनिराळ्या धर्मांची तुलना शिकवीत व पालीचे जाणकार होते. बुद्धाच्या सुत्तांचे मूळ छापण्यात त्यांचा हात होता. परक्याचा धर्म त्याच्याच ग्रंथांतून, त्याच्याच भाषेत समजून घ्यावा, हे शिंदे तेथे शिकले. आमच्यापैकी किती उपदेशकांनी तुकारामाची गाथा उघडून पाहिली आहे?

विद्यार्थी म्हणून ते खोलीत बसून राहिले नाहीत. इंग्लंडातील शहरांच्या गरीब वस्त्या आणि तेथे ख्रिस्ती मंडळ्यांनी चालविलेली कामे त्यांनी हिंडून पाहिली. आपली प्रवासवर्णने ते मुंबईच्या सुबोधपत्रिकेकडे पाठवीत. इ. स. १९०३ च्या सप्टेंबरात अॅम्स्टरडॅम येथे उदार धर्ममतांची परिषद भरली, तीत हिंदुस्थानातील उदार धर्माविषयी त्यांनी निबंध वाचला आणि ते स्वदेशी परतले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. ह्याचे आम्हांस दुःख आहे. तथापि त्यांनी परत येऊन सेवा करण्याचे वचन दिले होते, आणि ते पाळले.

ते मुंबईस प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. इ. स. १९०५ मध्ये अहमदनगरजवळील भिंगार येथे रात्री महार बांधवांच्या सभेस ते गेले, आणि त्यांच्या कामाची दिशा ठरली. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ येथे अस्पृश्य मानलेल्या मुलांची शाळा काढून त्यांनी निराश्रित साहाय्यकारी मंडळीचे काम सुरू केले. न्यायमूर्ती नारायणराव चंदावरकर अध्यक्ष झाले. शिंदे यांच्या भगिनी जनाबाई ह्याही ह्या सेवेत शिरल्या. आमच्या मंडळ्यांचे पूर्वज ज्या वाड्यांतून आले त्याच वाड्यांत मिशनरी लोकांच्या शाळा तोवर पुष्कळ वर्षे चालल्या होत्या. आता हिंदु समाजातील एक पदवीधर त्याच कामास स्वतः येऊन लागला. मिशनऱ्यांनी ह्यात स्पर्धा पाहण्याचे कारण नव्हते असे आमचे मत आहे.

वाटचाल सुखाची नव्हती. स्पृश्यांनी त्यांस बाटगा ठरविले. इकडे अस्पृश्य पुढारी, आमची संस्था आम्हीच चालवू, असे म्हणू लागले, आणि ती मागणी न्याय्यच होती. इ. स. १९२३ मध्ये शिंदे कारभारातून बाजूस झाले. इ. स. १९३० च्या कायदेभंगात त्यांनी येरवड्याचा तुरुंग पाहिला. इ. स. १९३३ मध्ये भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात जुन्या ग्रंथांचा शोध घेताना ऑक्सफर्डच्या अभ्यासाची सवय त्यांच्या कामी आलेली दिसते. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे देहावसान झाले. ते विद्यालय अद्यापि आहे, इ. स. १९९६ पासून ते हॅरिस मँचेस्टर कॉलेज ह्या नावाने ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पूर्ण कॉलेज झाले असून प्रौढ वयाचे विद्यार्थी घेते.